वय वर्षे एकशे चार, पुराव्यासह!

मित्रांनो, या सुट्टीत घरी गेलात की आजोबांना त्यांची जन्मतारीख विचारा. बऱ्याच जणांची १ जून निघेल! शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली. पणजीला विचारलंत तर ती तारीख सांगणारच नाही, कुठल्या तरी दुष्काळाचा नाहीतर प्लेगाचा हिशोब सांगेल. आपण हसून सोडून देतो. पण ज्यांच्या वयाचा प्रश्न असा हसून सुटला नाही, अशा एका थोर माणसाची ही गोष्ट.

१८७५ साल. कोकणातल्या मुरूडहून किरकोळ अंगाचा एक मुलगा मित्रांबरोबर साताऱ्याला चालत निघाला. शंभरावर मैल, तेही घाटातून. कशासाठी? तर परीक्षेसाठी. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण लागत. त्याची झालेली होती, पण साहेबांना तो लहानच वाटला. झालं! परीक्षेला न बसताच परतावं लागलं. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे, जन्म १८ एप्रिल १८५८.

पोरगा खचला नाही. पुढच्या खेपेला कोल्हापुरातून ती परीक्षा दिली. मग मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात गणित घेऊन १८८४ साली बी. ए. झाले. १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं आणि गावाने बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम, १९०० पासून तो हिंगण्याला. आपली आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. सत्तरी उलटल्यावर युरोप, अमेरिका पाहून आले. १९५० मध्ये पत्नी गेल्या, १९५३ मध्ये मुलगा रघुनाथ गेला. अण्णा होतेच. १९५८ मध्ये शंभरी भरली तेव्हा भारतरत्न मिळालं, टपाल तिकीट निघालं. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी १०४ वर्षांचे होऊन ते गेले.

आता आपल्या इंजिनिअरिंगच्या डोक्याने बघू. विमा कंपन्या ज्या गणितावर चालतात त्याचा पाया १८२५ मध्ये लंडनच्या बेंजामिन गोम्पर्ट्झने घातला. तरुणपण ओलांडलं की दर आठेक वर्षांनी मरणाची शक्यता दुप्पट होते. म्हणजे तिशीपासून शहाऐंशीपर्यंत सात वेळा दुप्पट, एकशे अठ्ठावीस पट! मशीनच्या बाथटब कर्व्हची शेवटची चढण आठवा, तसंच.

पण ही चढण शंभरीनंतरही अशीच राहते का? २०१८ मध्ये इटलीतल्या १०५ च्या पुढच्या सुमारे ३,८०० जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे रेषा सपाट झालेली दिसली. दर वर्षी साधारण निम्मे जातात, पण प्रमाण आणखी वाढत नाही. यावर काहींनी शंका काढली की वयाच्या नोंदीत थोड्याशा चुका असल्या तरी रेषा अशी सपाट दिसू शकते.

कसं ते सोप्या आकड्यांत बघा. समजा एका तालुक्यात ऐंशीचे हजार जण आहेत आणि खरे शंभरीचे फक्त दहा. ऐंशीच्यांपैकी शेकडा एकाचं वय चुकून शंभर लिहिलं गेलं, तर दहा खोटे शतायुषी तयार झाले. म्हणजे यादीतले निम्मे खोटे! ते वयाने वीस वर्षं लहान, त्यामुळे मरणार कमी. आणि आपण म्हणणार, शंभरीनंतर मृत्यू दमला! चूक नगण्य, पण उत्तर सगळंच उलटं.

म्हणून अण्णा मोलाचे. एका माणसावरून मृत्युदर निघत नाही, हे खरं. पण दर काढायला असेच पक्के आकडे लागतात. परीक्षा, पदवी, नोकरी, १९१५ चं आत्मचरित्र, सगळीकडे त्यांच्या वयाच्या खुणा सापडतात. सतराव्या वर्षी ज्याचं वय कुणी मानलं नाही, त्याचं एकशे चारावं वर्ष नाकारायची सोय राहिली नाही.

आपल्या बार्शीला या नोंदींचं महत्त्व नवं नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये इथेच सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतली गावं पालथी घालून एकेक रुग्ण लिहून ठेवायचं हे काम. त्यातही रोगाचं प्रमाण वयोगटानुसारच काढतात. वय चुकलं की हिशोब चुकला.

तेव्हा मित्रांनो, घरी गेल्यावर पणजीच्या वयाचा कागद शोधा. नसेल तर भावंडांची वयं, लग्नाचं साल, थोरल्या मुलाचा शाळेचा दाखला, जे सापडेल ते वहीत उतरवून ठेवा. उद्या ती शंभरीला पोचली तर आपण पेढे वाटूच. पण तिची शंभरी मोजणीत धरली जायची असेल, तर ती वही लागेल.