मुक्ताबाई : बंद ताटीबाहेरची बहीण

संत मुक्ताबाईंच्या अल्प आयुष्यातील एक प्रसंग मराठी कवितेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावा असा आहे.

परंपरेनुसार मुक्ताबाईंचा जन्म शके १२०१, म्हणजे इ. स. १२७९ मधील. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव आणि सोपानदेव हे त्यांचे थोरले बंधू. वडील विठ्ठलपंतांनी संन्यास घेतल्यानंतर गुरूंच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रम स्वीकारला. त्यामुळे आळंदीच्या ब्रह्मवृंदाने या कुटुंबास वाळीत टाकले. प्रायश्चित्त म्हणून मातापित्यांनी देहत्याग केला आणि चारही भावंडे कोवळ्या वयात पोरकी झाली.

चरित्रकथा सांगते, की पुढे एकदा अपमानाने व्यथित होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी, म्हणजे काटक्या-झावळ्यांचे दार, लावून घेतले. ते कोणाशी बोलेनात. त्यांची समजूत काढण्यास पुढे झाली ती सर्वांत धाकटी बहीण. लोकनिंदा तिच्याही वाट्याला आली होती. म्हणून तिचे बोलणे कोरडा उपदेश ठरत नाही. या प्रसंगाशी निगडित रचना ‘ताटीचे अभंग’ या नावाने प्रसिद्ध आहेत.

या अभंगांतील मुक्ताबाई भावाचे दुःख नाकारत नाहीत आणि ताटीही बळाने ढकलत नाहीत. खरा योगी कसा असतो, हे सांगून त्या ज्ञानदेवांना त्यांच्याच आदर्शाची आठवण करून देतात. लोकांच्या क्रोधाचा दाह शमविणे हे संताचे कार्य आहे, असे त्या सुचवितात. दात आणि जीभ एकाच देहात नांदतात, तसे दुखावणारा आणि दुखावलेला परस्परांहून वेगळे नाहीत, हा त्यांचा युक्तिवाद आहे. स्वतः तरून जाणे पुरेसे नाही, इतरांनाही तारावे, असे त्यांचे मागणे आहे.

भाषेच्या दृष्टीने पाहता, येथील आज्ञार्थ आदरार्थी बहुवचनात येतो. धाकटीची मर्यादा सुटत नाही, तरी सांगण्याचा अधिकारही उणावत नाही. आर्जव आणि अधिकार यांचा हा मेळ या अभंगांचे बळ होय.

परंपरा म्हणते, ताटी उघडली. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये आळंदीस समाधी घेतली. पुढील वर्षी तापीतीरी मुक्ताबाईंचे जीवन संपले. हे अभंग वाचताना बोलणारी व्यक्ती दाराबाहेर उभी आहे, याचे भान ठेवावे. आतल्या माणसाला हाक देत तेथेच थांबून राहणे, हेच तिचे साहाय्य होते.