भूकंपानंतर बिहारमध्ये घरं बांधायला आलेले स्विस इंजिनिअर कोण होते?

15 जानेवारी 1934 ला उत्तर बिहार भूकंपानं उद्ध्वस्त झाला. त्याच वर्षी पिएर सेरेसोल स्वित्झर्लंडहून तिथं पोहोचले. वडील देशाचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले. मुलानं मात्र लष्करी कर भरायला नकार देऊन तुरुंगवास पत्करला होता.

1920 मध्ये, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना, व्हर्दँजवळच्या एका फ्रेंच गावात त्यांनी पडलेली घरं उभारायला घेतली. सोबत जर्मन स्वयंसेवकही होते. गावाला ते नकोच होते, आणि हा राग समजण्यासारखाच होता. काही महिन्यांत काम थांबलं. पण यातूनच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना जन्मली.

बिहारमध्ये सेरेसोल राजेंद्र प्रसाद यांच्या मदतकार्याशी जोडले गेले. पुरापासून सुरक्षित जागी घरं बांधायची होती. सेरेसोल आणि त्यांचे मोजके युरोपीय साथीदार गावकऱ्यांसोबत स्वतः राबले.

1945 मध्ये त्यांचं निधन झालं. संघटना आजही स्वयंसेवक पाठवते.