बार्बियानाचे फादर लोरेन्झो मिलानी



इटलीची यात्रा करून आलेली मंडळी रोम, असिसी, पदुआ, फ्लॉरेन्स अशी नावे सांगतात. बार्बियानाचे नाव त्यांत क्वचितच ऐकू येते. फ्लॉरेन्सपलीकडे मुजेल्लोच्या डोंगरात एक लहानसे चर्च, त्याला लागून फादरांचे घर आणि खाली छोटी दफनभूमी, एवढेच ते ठिकाण. पण इटलीची खरी ओळख ज्याला करून घ्यायची आहे, त्याने म्युझियमच्या रांगेत उभे राहण्याआधी या डोंगरावरची हकीकत ऐकावी.

लोरेन्झो मिलानी यांचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्समध्ये झाला. घर श्रीमंत आणि सुशिक्षित, पण धर्माशी कोणाला फारसे देणेघेणे नव्हते. आई ज्यू घराण्यातली. लोरेन्झोला चित्रकार व्हायचे होते; त्यासाठी त्याने मिलानच्या ब्रेरा अकादमीत शिक्षणही घेतले. १९४३ साली, विसाव्या वर्षी, तो प्रभूकडे वळला आणि त्याच वर्षी सेमिनरीत दाखल झाला. १९४७ साली गुरुदीक्षा झाली.

पहिली नेमणूक सान दोनातोला, कामगारवस्तीत. लोक मिस्साला येत, सणांना गर्दी करत. पण प्रवचनातले शब्दच त्यांना कळत नाहीत, हे या तरुण फादरांच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी रात्रीची शाळा काढली. कम्युनिस्ट घरांतील मुलांनाही ती आपली वाटावी यासाठी वर्गातला क्रूस भिंतीवरून उतरवला. यावर किती चर्चा झाली असेल, याची कल्पना मी करू शकतो!

डिसेंबर १९५४ मध्ये त्यांची बदली बार्बियानाला झाली. बदलीचा कागद आम्हा धर्मगुरूंना नवा नाही, पण ही बदली म्हणजे दूर सारणेच होते. तो धर्मग्राम बंदच व्हायचा होता. रस्ता नाही, वीज नाही, डोंगरात विखुरलेली गरीब शेतकऱ्यांची घरे. तेथे पोहोचल्याबरोबर दुसऱ्याच दिवशी फादरांनी दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेतली. वय होते एकतीस.

मग घरातच शाळा भरू लागली. दिवसाचे बारा तास, वर्षाचे सर्व दिवस, रविवारसुद्धा. वर्तमानपत्र उघडायचे आणि एकेका शब्दाचा अर्थ लागेपर्यंत पुढे जायचे नाही. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे. डोंगरातल्या मुलांची पाण्याची भीती जावी म्हणून सर्वांनी मिळून पोहण्याचा एक लहान हौद बांधला. परकी भाषा शिकलेल्या मुलांना त्यांनी परदेशी कामाला पाठवले. गरीब आणि श्रीमंत यांच्यातले अंतर पैशापेक्षा शब्दांचे आहे, अशी त्यांची ठाम समजूत होती. सेमिनरीत भाषेच्या तत्त्वज्ञानावर मी पुष्कळ पाने लिहिली. या माणसाने तेच एका वर्तमानपत्रावर शिकवले.

१९५८ साली त्यांचे धर्मकार्याच्या अनुभवांवरील पुस्तक निघाले. धर्माधिकाऱ्यांची छपाईची परवानगी असूनही त्याच वर्षी होली ऑफिसने ते विक्रीतून काढून घ्यायला लावले. लष्करी सेवेला नकार देणाऱ्यांची बाजू घेतल्याबद्दल खटला झाला. १९६६ साली निर्दोष सुटले, तरी अपील उरलेच. चर्च सोडण्याचा विचार मात्र त्यांना शिवला नाही. पापक्षमा दुसरीकडे कोठे मिळणार, असा त्यांचा साधा हिशेब होता.

तोवर कर्करोगाने शरीर पोखरले होते. आजारातच त्यांनी आठ मुलांना बरोबर घेऊन एका शिक्षिकेला उद्देशून पत्र लिहून घेतले. गरिबांच्या मुलांना नापास करून शाळेबाहेर घालवणाऱ्या इटलीचा हिशेब मुलांनी आकडे मांडून त्यात दिला आहे. तसे पाहता १९६२ च्या कायद्याने चौदा वर्षांपर्यंतची शाळा सर्वांसाठी एकच झाली होती. मे १९६७ मध्ये ते पुस्तक निघाले. मराठीत ते ‘प्रिय बाई’ या नावाने आले आहे. धर्मशिक्षण देणाऱ्या आपल्या शिक्षकांनी ते जरूर मिळवावे. वाचताना थोडे टोचेल.

२६ जून १९६७ रोजी फ्लॉरेन्समध्ये आईच्या घरी फादर मिलानी वारले. वय चव्वेचाळीस. मिस्साची वस्त्रे आणि डोंगरात चालायचे बूट घालून त्यांना बार्बियानात, त्यांनीच विकत घेतलेल्या जागेत पुरले. त्यांच्या पुस्तकावरची बंदी उठायला २०१४ साल उजाडले. त्यानंतर तीन वर्षांनी, २० जून २०१७ रोजी, पोप फ्रान्सिस त्या डोंगरावर गेले आणि त्या थडग्यापाशी प्रार्थना करत उभे राहिले.