मित्राला झुंडीने मारलं, मग आयडा वेल्स यांनी अशा हत्यांचा हिशेबच छापला

गोष्ट १८९२ सालची. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात थॉमस मॉस हे कृष्णवर्णीय गृहस्थ भागीदारीत किराणा दुकान चालवायचे. जवळच्या गोऱ्या दुकानदाराला ते खुपायला लागलं. वाद पेटला, मॉस आणि दोन साथीदार तुरुंगात गेले. ९ मार्चच्या पहाटे झुंडीने तिघांनाही तुरुंगातून ओढून नेलं आणि गोळ्या घातल्या.

आयडा वेल्स या मॉस यांच्या जवळच्या मैत्रीण आणि 'फ्री स्पीच' या पेपरच्या संपादक. झुंड फक्त बलात्काऱ्यांनाच मारते, असं तेव्हा सर्रास सांगितलं जायचं. मग मॉस यांचा गुन्हा काय? वेल्स यांनी एकेक प्रकरण तपासायला घेतलं. बऱ्याच प्रकरणांत बलात्काराचा आरोपसुद्धा नव्हता.

हे छापल्यावर जमावाने पेपरचं ऑफिस फोडलं. बाहेरगावी असल्यामुळे त्या वाचल्या. पण थांबल्या नाहीत. १८९५ मध्ये 'द रेड रेकॉर्ड'मध्ये त्यांनी हत्यांचे आकडे आणि कारणं मांडली. आकडे गोऱ्यांच्याच वृत्तपत्रातले, म्हणजे खोटं म्हणायची सोय नाही.

१९३१ मध्ये त्या गेल्या. झुंडबळीविरोधात अमेरिकेत केंद्रीय कायदा झाला, तो थेट २०२२ मध्ये.