गांधीजींचा लॅटिनचा अभ्यास

सन १८८८ च्या आरंभी मोहनदास करमचंद गांधी हा १८ वर्षांचा विद्यार्थी काठेवाडातील भावनगरच्या शामळदास महाविद्यालयात दाखल झाला. तेथील प्राध्यापक नामांकित होते. परंतु त्यांची व्याख्याने मोहनदासाला समजत नसत. त्याने त्यांना दोष दिला नाही. आपलीच तयारी कच्ची आहे, हे तो ओळखून होता. पहिले सत्र संपताच तो घरी परतला. येथील परीक्षा आपल्याला लवकर उतरता येणार नाहीत, असे त्याला वाटू लागले.

असा प्रसंग त्याच्यावर शाळेतही येऊन गेला होता. राजकोटच्या हायस्कुलात चौथ्या इयत्तेपासून बहुतेक विषय इंग्रजीतून शिकवीत. भूमिती हा विषय त्याला नवा आणि शिकवण्याची भाषा परकी! शिक्षक चांगले शिकवीत, तरी त्याला काही उमगेना. खालच्या इयत्तेत परत जावे, असेही त्याच्या मनात येई. परंतु त्याचे परिश्रम पाहून ज्या शिक्षकांनी त्याला वर चढविले होते, त्यांना कमीपणा येईल, या विचाराने तो मागे फिरला नाही. नेटाने अभ्यास करीत तो युक्लिडच्या तेराव्या सिद्धांतापर्यंत पोहोचला. तेव्हा एकाएकी त्याच्या ध्यानी आले, की येथे केवळ सरळ विचार करावयाचा आहे. तेव्हापासून भूमिती त्याला सोपी व गोड वाटू लागली.

पुढे कुटुंबाच्या एका स्नेह्याच्या सल्ल्याने बॅरिस्टर होण्यासाठी मोहनदास ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेस निघाला. बॅरिस्टरीच्या परीक्षा त्या काळी फारशा कठीण नव्हत्या. पण आपले इंग्रजी व सामान्य ज्ञान तोकडे आहे, ही टोचणी त्याला लागून राहिली. म्हणून त्याने लंडनची मॅट्रिक्युलेशन परीक्षा देण्याचे ठरविले. त्या परीक्षेत लॅटिन भाषा आवश्यक होती. ती आपल्याला कशी जमणार, अशी धास्ती त्याला वाटली. तथापि लॅटिन येत असल्यास कायद्याचा अभ्यास सोपा जातो, असे एका मित्राने त्याला समजाविले. परीक्षेला पाचच महिने उरले होते. मोहनदासाने एका खाजगी वर्गात नाव घातले आणि मिनिटामिनिटाचे वेळापत्रक आखून अभ्यास आरंभिला.

निकाल लागला, तेव्हा तो लॅटिनमध्ये नापास झाला होता. त्याला वाईट वाटले, पण तो खचला नाही. एवढ्या अभ्यासात त्याला लॅटिनची गोडी लागली होती. त्याने पुन्हा परीक्षेस बसण्याचे ठरविले आणि राहणीही अधिक साधी केली. दोन खोल्या सोडून तो एका खोलीत राहू लागला. सकाळी ओटची लापशी व कोको, दुपारी बाहेर जेवण आणि रात्री पाव व कोको, असा त्याचा क्रम असे. दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगावर आला. अभ्यासाला वेळही अधिक मिळू लागला. सन १८९० च्या जूनमध्ये तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला.

बॅरिस्टरीसाठी रोमन कायदा हा विषय होता. कित्येक विद्यार्थी टिपणे वाचून दोन आठवड्यांत त्याची तयारी उरकीत. मोहनदासाने मात्र तो कायदा मूळ लॅटिनमधून वाचला. १० जून १८९१ रोजी तो बॅरिस्टर झाला.

सन १८९३ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेत गेले. तेथील कायदा रोमन व डच कायद्यांच्या पायावर उभा होता. तो समजून घेताना लंडनमधील ते वाचन त्यांच्या फार उपयोगी पडले. ज्या लॅटिनने त्यांना एकदा नापास केले होते, तीच भाषा आता परमुलखात त्यांच्या साहाय्याला आली.