डॉक्टर जॉन स्नो यांचे विद्यासाधन

ज्या पटकीस आपल्याकडे मरीआईचा कोप मानीत, ती दूषित पाण्यातून पसरते हे पुराव्यानिशी दाखविणारे डॉ. जॉन स्नो पोटाचा उद्योग सांभाळून शिकले होते. आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण नोकरी करून अभ्यास करीत असतात. त्यांच्यासाठी हा अल्प परिचय देण्याचे आम्ही योजिले आहे.

इंग्लंडातील यॉर्क शहरी १८१३ साली एका मजुराच्या घरी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसल येथे एका शल्यवैद्याकडे उमेदवार राहिले. तेथे पटकीची साथ आली तेव्हा खाणकामगारांच्या शुश्रूषेस त्यांनाच धाडण्यात आले. हे कामगार खाणीत न धुतल्या हातांनी जेवीत, हे त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात आवर्जून नमूद केले आहे.

१८३८ साली सनद मिळवून त्यांनी लंडनमध्ये व्यवसाय मांडला आणि तो करीत असतानाच १८४४ साली एम. डी. ही पदवी घेतली. आम्ही मात्र मॅट्रिकपुढे गेलो नाही. दिवसभर वर्ग घेतल्यावर रात्री पुस्तक उघडले की डोळे मिटत! म्हणून या पदवीचे मोल आम्हांस अधिक वाटते.

क्लोरोफॉर्म देऊन रोग्यास बेशुद्ध करणे हे त्यांचे चरितार्थाचे साधन होते. १८५३ साली राणी व्हिक्टोरिया यांच्या प्रसूतीच्या वेळीही त्यांनीच तो दिला. अशा प्रतिष्ठित वैद्याने १८५४ च्या साथीत दक्षिण लंडनमध्ये दारोदार हिंडून, मृतांच्या घरी कोणत्या कंपनीचे पाणी येते, याची चौकशी केली. पुष्कळांस ते ठाऊकच नसे. तेव्हा ते पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालून खारटपणा तपाशीत, कारण एका कंपनीचे पाणी दुसरीहून कितीतरी खारट होते. एक कंपनी शहराची घाण मिसळलेले थेम्सचे पाणी पुरवी. दुसरीने १८५२ साली आपली उपसा जागा नदीच्या वरच्या अंगास नेली होती. दहा हजार घरांमागे पहिलीकडे ३१५ मृत्यू, दुसरीकडे ३७! ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा त्यांच्या सांगण्यावरून काढला गेला, तोही याच वर्षी.

तरी दुर्गंधीनेच रोग होतो असे मानणाऱ्या जाणत्यांस हे पटले नाही. १८५५ साली विस्ताराने छापलेल्या ग्रंथावर त्यांचे दोनशेहून अधिक पौंड खर्च झाले. विक्रीतून अगदी थोडे परत आले. क्लोरोफॉर्मवरील ग्रंथ लिहीत असताना त्यांस पक्षाघात झाला आणि १६ जून १८५८ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्याच्या तळ्यातील पाण्यात दाखविला, तो १८८४ साली.