गोखल्यांचे विधेयक

कोतळूकच्या गरीब घरात जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळाचे सभासद झाले. तेथे बहुमत सरकारचेच. मतदानात हार बहुधा ठरलेली. गोखल्यांचे शस्त्र एकच, बिनचूक आकडे! खजिन्यात शिल्लक साचत असता गरिबाच्या मिठावर जबर कर कशाला, हे त्यांनी पहिल्याच भाषणात आकड्यांनिशी मांडले. पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला.

१९११ मध्ये त्यांनी सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा नगरपालिकांना व लोकलबोर्डांना देणारे विधेयक आणले. १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. १९१५ मध्ये गोखले निवर्तले. तशा सक्तीचा पहिला कायदा विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी संमत करून घेतला.